ओढ्याकाठचे कुरण

"आणि युरिया?" कुंपणापलीकडून थोरल्याने विचारले. "तो किती टाकू?"

इतका वेळ धाकट्याने सारे खरे सांगितले होते: म्हाताऱ्या कुरणातले गवत गायींकडून जमिनीलगत खाऊन घ्यायचे, माती नुसती ओरखडायची, लसूणघास या चाऱ्याच्या बियाण्याला जिवाणूंचे कल्चर चोळून ते वर फेकायचे. आता उरली होती ती एकच गोष्ट. लसूणघास आपले नत्र हवेतून आपणच मिळवतो. पेरणीच्या वर्षी युरिया दिला, तर तो जुन्या गवताच्याच घशात जातो, आणि माजलेल्या गवताच्या सावलीत कोवळी रोपे गुदमरतात.

"दरवर्षीइतका," तो म्हणाला. "हात आखडू नकोस, दादा."

वाटणीच्या दिवशी ओढ्याकाठचे कुरण स्वतःकडे ठेवून, मेलेला माळ धाकट्याच्या गळ्यात बांधताना याच दादाने चारचौघांत म्हटले होते, "याला काय, नुसता बोलला तरी पीक उगवेल, तोंडात खत भरलंय!" माणसे पोट धरून हसली होती. ते हसू धाकट्याने अकरा वर्षे जपले. पुढे माळ हिरवा झाला, ओढ्याकाठ पिवळा पडला, यंदा चारा साधला नाही तर गायी विकण्याची पाळी दादावर येणार होती. हसू मात्र कानांतून गेले नाही.

दोन महिन्यांनी थोरल्याची हाक आली. "अरे, ये की! बघ तरी!"

गवत कमरेला लागत होते. थोरला त्यात गुडघे टेकून बसला होता. दोन्ही हातांनी पाती फाकवून त्याने आत दाखवले. दोऱ्याएवढे, फिकट, तीन पानांचे एक रोप.

"बाकीची काही दिसत नाहीत. पण हे आलंय. जगेल ना?"

आज विळा चालवला, तर हे जगेल. याच्यासारखी आणखी शेकडो जगतील. धाकट्याला हे गावातल्या कुठल्याही माणसापेक्षा अधिक ठाऊक होते.

"गवत कापू का रे?"

"घाई कसली? राहू दे महिनाभर."

"बरं. तू म्हणशील तसं." थोरला ओशाळून हसला. "तुझी वहिनी म्हणालीच होती, भाऊजींना विचारा, ते आपलं वाईट चिंतायचे नाहीत."

थोरल्याने आभाळाकडे पाहिले.

"ऊन फार आहे," तो पुटपुटला, आणि दोन्ही बाजूंची पाती हलक्या हाताने ओढून त्याने ते रोप नीट झाकून टाकले.