सुनेची खुर्ची

आसेगावकडच्या त्या तांड्यात हेमसिंगबापूंचा दरारा असा, की त्यांच्या मोटारपंपाच्या दुकानासमोरून जाताना म्हातारेसुद्धा बिडी लपवत. आधी फौजेत सुभेदार, मग दुकानदार, मग दोनदा सरपंच. गुडघ्यात छर्रा घेऊन आलेला माणूस, पण तांड्यात नळ येईपर्यंत वाशीमच्या कचेरीच्या पायऱ्या काही सोडल्या नाहीत. सून सुकेशनीला या सासऱ्याचा केवढा अभिमान! आणि तेवढीच धास्ती.

यंदा सरपंचपद बायांसाठी राखीव झालं आणि सुकेशनी निवडून आली. पण कारभार बापूच पाहणार, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पहिल्या ग्रामसभेत शिपायानं सवयीनं मधली खुर्ची बापूंपुढे सरकवली. सुकेशनी डोक्यावर पदर घेऊन खांबाशी उभी राहिली. आतून मात्र जळत होती. उन्हातान्हात मतं मागत फिरलो ते काय खांबाला टेकायला? पण सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही. तिच्या माहेरीही नाही, इथंही नाही.

बापू मात्र बसलेच नाहीत. खुर्चीमागे ताठ उभे, हात बाजूला, हनुवटी वर. लोकांनी विनवलं, उपसरपंच उदयसिंगनं विनवलं, पण हा गडी ढिम्म! सभा अडली. त्यांचा दुखरा गुडघा थरथरू लागला. शेवटी सुकेशनीच हळूच म्हणाली, "बापू, बसा ना. गुडघा दुखून राह्यला तुमचा."

"दुखू दे. फौजेत साहेब बसल्याबिगर जवान बसत नाही. इथली साहेब तू हायेस. तू बस, मंग मले बसता येईन."

सासूबाई, ललिताबाई, बायांच्या घोळक्यातून बोलल्या, "बस वं पोरी. नाहीतर हे दिवसभर उभेच राहतीन. मी ओळखतो यायले."

सगळी सभा हसली. सुकेशनी पुढे आली आणि बसली. कान तापले होते, पण पाठ ताठ होती.

तेव्हा कुठं बापू लंगडत जाऊन बाकड्यावर टेकले. सभा सुरू होताच पहिला हात त्यांचाच वर, आणि ते पुन्हा उभे राहिले.

"सरपंचबाई, वरल्या आळीत नळाले पाणी येत नाही. काय करून राह्यले तुमी?"

सुकेशनीनं पहिल्यांदाच सासऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"सांगतो," ती म्हणाली. "पण आधी खाली बसा."

बापू बसले, आणि मिशीवरून हात फिरवत ऐकत राहिले.