उतारावरचं अस्वल

"अस्वल," तोरगुनने दुर्बीण खाली घेतली. "किनाऱ्याच्या वर, डावीकडच्या उतारावर. झोपलंय."

डेकवर एकच गलका झाला. लाल जाकिटातली माणसं कठड्याकडे लोटली. जाकिटं कंपनीने भेट दिलेली, म्हणजे तिकिटात धरलेली. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या राखीव पाण्यात जहाजावर दोनशेहून जास्त प्रवासी नकोत असा कायदा आला, तेव्हा कंपनीने पाचशेंच्या जहाजाचे वरचे मजले कुलूपबंद केले, एकशे नव्याण्णव माणसं भरली आणि भाडं तिप्पट केलं. वर माहितीपत्रकात छापलं, 'निसर्गासाठी आम्ही जागा सोडली.' निर्लज्जपणाला काही हद्द असते, हे या लोकांना कोणी सांगितलंच नसावं.

"मला कान दिसताहेत!" म्युनिकचा दंतवैद्य ओरडला. त्याच्या कॅमेऱ्याची नळी हातभर लांब होती. "बघा, बघा, कान हलवला!"

तो कान म्हणजे एका पिवळट दगडाचा कोपरा होता. तोरगुन सोळा वर्षं खांद्याला बंदूक अडकवून या किनाऱ्यांवर वाटाडी म्हणून फिरत होती. दगड कुठला आणि ध्रुवीय अस्वल कुठलं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. ती धडधडीत खोटं बोलली होती. अस्वल दिसलं की किनाऱ्यावर उतरणं रद्द, या एका नियमापुढे कंपनीचं काही चालत नसे.

त्या दगडाच्या खाली, वाळूच्या टोकावर, वॉलरसच्या माद्या पिल्लांना घेऊन पडल्या होत्या. ठरलेलं अंतर राखून त्यांच्या किनाऱ्यावर उतरायला कायद्याची हरकत नव्हती. गेल्या उन्हाळ्यातही प्रवासी अंतर राखूनच उतरले होते. मग कोणाच्या तरी वाढदिवसासाठी जहाजाचा भोंगा वाजवला गेला. सगळा कळप बिथरून पाण्याकडे धावला आणि मागे वाळूत तीन पिल्लं चिरडलेली राहिली. तोरगुनने ती जवळ जाऊन पाहिली होती. प्रवाशांचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांना लगेच जहाजावर नेऊन गरम सूप वाटलं. भोंगा वाजवला होता कॅप्टन हालवारने. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत असे, तेही त्याच्या तोंडाकडे न बघता.

कंपनीचा सहल-व्यवस्थापक फ्रोदे धावत आला.

"झोपलंय ना? मग झोपू दे की. आपण पलीकडून उतरू. लोकांनी पैसे मोजलेत, तोरगुन."

"आणि उठलं तर? गोळी कोण घालणार, तू?"

"तू आहेस ना त्यासाठी."

"अहो," दंतवैद्याने मध्येच तोंड घातलं, "गोळी घालायची वेळ आलीच, तर फोटो काढता येईल ना?"

तोरगुनने त्याच्या दातांकडे पाहिलं. सगळे शाबूत होते, याचं तिला वाईट वाटलं.

फ्रोदे जाऊन कॅप्टनलाच घेऊन आला. खोटं पकडलं गेलं, तर बंदूक, परवाना, नोकरी, तिन्ही जाणार होती. हालवार खाणकामगाराचा मुलगा, याच बेटांवर वाढलेला. त्याला दगड ओळखू येणार नाही, ही आशा करण्यात अर्थ नव्हता.

त्याने जहाजाची मोठी दुर्बीण डोळ्यांना लावली. ती उतारावर स्थिर झाली. मग हळूहळू वाळूच्या टोकाकडे सरकली आणि तिथेच बराच वेळ थांबली. तोरगुनने बंदुकीचा पट्टा घट्ट धरला.

"बोला, कॅप्टन," फ्रोदे म्हणाला. "मला तर नुसतं पिवळं काहीतरी दिसतंय. अस्वलच आहे का ते?"

"चूक झालीय तोरगुनची."

फ्रोदे हसला. हालवारने दुर्बीण खाली घेतली, पण नजर वाळूवरून हलवली नाही.

"नोंदवहीत एक लिहू नकोस, तोरगुन. दोन लिही. पिल्लू आहे सोबत."

"हो, हो!" दंतवैद्य किंचाळला. "मला दिसलं!"

हालवार आत गेला. जरा वेळाने जहाज सावकाश वळू लागलं. निघताना भोंगा देण्याचा कंपनीचा रिवाज होता. तो वाजला नाही.