गोठ्याच्या झडपेवरचे एक्स-रे

बनुबाईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे आधी तिची बोटं घासायची. पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या त्या घरात हा रिवाजच होता. सून मीना राख नि लिंबू घेऊन बसायची, बिडीचा पिवळेपणा निघेपर्यंत. डोंगरावर गुरांमागे, गारठ्यात, बनुबाईचा जन्म बिडीवर गेला. चुलीतून ती पेटवून आणायचं काम नातीचं, राजनंदिनीचं. वाडीला सगळं ठाऊक, पण खाली दवाखान्यात सांगायचं नाही. पुरुषाने ओढली तर सवय, बाईने ओढली की घराण्याची अब्रू जाते!

म्हातारीला वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. ताप, धाप, इंजेक्शनं, जरा बरं, की पुन्हा तेच. कधी महाड, कधी पोलादपूर, दर वेळी नवा डॉक्टर. जुने एक्स-रे तिच्या मुलाने, सखाने, पावसाची झड अडवायला गोठ्याच्या झडपेच्या फटींवर ठोकले होते.

सकाळी शेण काढताना राजनंदिनीने वर पाहिलं. मागून ऊन आलेलं, आणि दोन्ही फिल्मांत खाली एकाच जागी पांढरा ढग. दहावीतल्या पोरीला त्यातलं काय कळणार? पण दोनदा आलेला आजार दोनदा तिथेच कसा बसला, हे काही तिला पटेना. तिने खिळे उपटले.

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी जुन्या फिल्म नव्या फिल्मशेजारी धरल्या. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी होतो, तेव्हा आत श्वासाची वाट कशाने तरी अडलेली असू शकते, म्हणाल्या. आजी बिडी ओढतात का?

"नाय हो," सखा म्हणाला. "आमच्यात बायका नाय ओढत."

बनुबाईने बोटं पदराखाली घेतली.

"ओढते," राजनंदिनी म्हणाली. "मीच पेटवून देते."

"गप ऱ्हा गो."

"बाबा, तुमची अब्रू ऱ्हायली. आजीचं काय?"

मग बनुबाईच बोलली, "पोर खरं सांगतेय, बाय. मला कुणी इचारलंच नाय. समदे ह्यालाच इचारायचे."

सीटी स्कॅन झाला, दुर्बीण घातली. श्वासनळीच्या एका फाट्यात गाठ होती. पहिल्या न्यूमोनियालाच शोधली असती तर कदाचित काढता आली असती, असं डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. गाठीने वाट अडवली खरी, पण तिला वर्षभर लपवलं कुणी? आपल्याही घरात एखादी बनुबाई खोकत असेल. तिला कुणी विचारलंय का?

उपचारांसाठी मुंबईला निघायच्या दिवशी मीना सवयीने राख नि लिंबू घेऊन आली. बनुबाईने वाटी बाजूला सारली.

"ऱ्हाव दे गो. बघू दे त्यांना."