फुकटचा बेस

"आवळ अजून," बाउदेलिओ म्हणाला.

"बोटं निळी पडतील."

"पडू देत. लग्नाची अंगठी तशीही काढून टाकलीय."

मी बेसबॉल संघाचा मालीशवाला. बाउदेलिओच्या उजव्या तळहातातलं हाड मोसमाच्या सुरुवातीलाच मोडलं होतं. मालकाच्या डॉक्टरने 'मुरगळलंय' म्हणून सांगितलं. मोडलेल्याला बसवून पगार द्यावा लागतो, मुरगळलेल्याला खेळवता येतं. डॉक्टरी शिकायला लागते ती याच्यासाठी.

मालक ओल्वेरा अत्तराचा घमघमाट सोडत आत आला. "काय घणा, झोपलास की काय? लोक तिकीट काढतात ते तुझा होमरन बघायला. या मोसमात एक नाही. आज भिंतीपार घाल, नाहीतर उद्या पिशवी भर. वाईट वाटून घेऊ नकोस हं, पोरासारखा आहेस मला."

हा बाप वयाने त्याच्याहून लहान.

आमच्या या कोळशाच्या गावात बाउदेलिओला सगळे 'घण' म्हणतात. मिसरूड फुटायच्या आत सीमेपलीकडून अमेरिकेचे लोक येऊन त्याला घेऊन गेले. बैल घेतात तसं. दात बघायचे तेवढे राहिले. तिकडे त्याची जवानी बसमध्ये झोपण्यात गेली. मोठ्या लीगमध्ये आठवडाभर उभा केला आणि परत पाठवला. मग इथे, मेक्सिकोत, त्याने इतके होमरन मारले की समोरचे कोच त्याच्याकडे चेंडूच टाकू देईनात. चार बोटं वर करायचे. म्हणजे, जा बाबा, पहिला बेस फुकट घे, पण मारू नकोस. बॅट धरणाऱ्याला याहून मोठा मान नाही. त्या वेळी ओल्वेराने बिअरच्या बाटलीवर त्याचं थोबाड छापलं होतं.

रविवारचं ऊन. शेवटच्या डावात गुण बरोबरीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमचे गडी. मारायला चुय, अंगाने नुसती काडी, आणि त्याच्यामागून पाळी बाउदेलिओची.

समोरच्या कोचने चार बोटं वर केली. चुयसाठी.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग अख्खं मैदान हसलं.

"घणा, तुला सोडून काडीला भ्यायले रे!" वरून कुणीतरी ओरडलं. या लोकांनी पोरांची नावं त्याच्यावरून ठेवली आहेत.

बॅट टाकून चुय त्याच्याजवळून गेला. "माफ करा, दादा."

"माफी कसली? जाताना पडू नकोस म्हणजे झालं."

आता तिन्ही बेस भरले. चार चेंडू वाईट पडले, म्हणजे मारायच्या टप्प्याबाहेरून गेले, की सगळे एकेक बेस पुढे सरकणार, तिसऱ्यावरचा घरी येणार आणि सामना आमचा. पण तो होमरन नव्हे. आणि होमरन नाही तर बाउदेलिओही नाही.

पहिल्याच चेंडूवर त्याने सगळा जीव लावून बॅट फिरवली. चुकली. बॅट हातातून सुटून मातीत घसरत गेली. ती त्याने डाव्या हाताने उचलली. उजवा हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना. वर मालक काहीतरी चघळत होता.

पण चेंडू टाकणारा पिचर पोरगं होतं. त्याच्या कोचची भीती मेली होती, त्याची नव्हती. तो घणाचं नाव ऐकत वाढला होता. त्याचे पुढचे तीन चेंडू कुठच्या कुठे गेले.

मग आला तो छातीच्या उंचीवर, मंद, किंचित बाहेर. असले चेंडू बाउदेलिओने आयुष्यभर भिंतीपलीकडच्या कबरस्तानात धाडले. घणाचे झेल जिवंतांपेक्षा मेलेल्यांनीच जास्त घेतले, असं गावात म्हणतात. त्याचे खांदे वळले. मी बाकावरून उठलो. मार, साल्या!

खांदे थांबले.

"बाहेर," अंपायर म्हणाला. चौथा वाईट चेंडू.

आमची पोरं धावली ती तिसऱ्यावरून चालत घरी आलेल्या गड्याकडे. त्याच्यावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, त्याला खांद्यावर घेतलं. मारणाऱ्याने पहिल्या बेसला पाय लावल्याशिवाय तो गुण धरत नाहीत. बाउदेलिओ पाय ओढत एकटाच तिकडे गेला. पाय लावला. कुणी बघितलं नाही.

मी कात्री घेऊन पट्टी कापायला गेलो. माझ्याआधी मालकाचा माणूस पोचला होता. त्याने कपाटाची चावी मागितली, बाउदेलिओने दिली. अंगावरचा घाम वाळू द्यायचा होता, भडव्यांनो.

"का नाही मारलास?" मी विचारलं.

"बाहेर होता."

"बाहेरचे काय कमी मारलेस?"

"बाहेर होता, एलिसेओ. आंधळ्यालाही दिसला असता."

मी पट्टी कापली. हात सुजून पावासारखा झाला होता. तो तिथेच उभा. लोक गेले, पोरं नाचत आत गेली. मैदानवाला चोन ढकलगाडी घेऊन बेस उपटत फिरत होता. तिसरा काढला, दुसरा काढला, आमच्याकडे आला आणि जरा थांबला.

"घणा, पाय काढ रे. एवढाच राहिलाय."

बाउदेलिओने खाली बघितलं, जणू पाय दुसऱ्या कुणाचा होता. मग काढला. चोनने बेस उपटला, मांडीवर आपटून धूळ झाडली, गाडीत टाकला आणि निघून गेला.

खाली मातीचा ओला चौकोन उरला. बाउदेलिओ त्याच्या कडेला उभा राहिला. त्यावर त्याने पाय ठेवला नाही.