बांधावरची बाय

कोमल तळोज्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आली ती चपला न काढताच आत गेली, आणि तिनं डबा मोरीत असा आपटला की झाकण गडगडत ओटीपर्यंत आलं.

ओटीवर सोनाबाई सुकट निवडत बसली होती. "डब्यानं काय घोडं मारलंय गो तुझं?" तिनं विचारलं.

कोमल बाहेर आली, मावशीच्या शेजारी बसली आणि बोलायच्या ऐवजी फोन तिच्यापुढं धरला.

फोनात निळा उजेड होता. त्या उजेडात काळा झब्बा घातलेला कुंदन, सोनाबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा, घोगऱ्या आवाजात सांगत होता, "पनवेलच्या खाडीवर, उघाडीपाशी, आजही ती उभी असते. ओली बाळंतीण. उलटे पाय. तिचं नाव... मैना! मैना हडळ!" मग कुठून तरी एक किंचाळी, आणि समोर बसलेल्या माणसांचं किंचाळणं, आणि लगेच हसणं.

सोनाबाईचा हात सुकटीतच राहिला.

"बसमध्ये सगळ्या बघत होत्या," कोमल म्हणाली. "एकीला माझ्या आईचं नाव माहीत होतं. उतरताना मागून म्हणाली, 'हडळीचे पोरी, पाय सरळ टाक हं.' सगळी बस हसली, मावशी. ड्रायव्हरसुद्धा."

मैना म्हणजे सोनाबाईची धाकटी बहीण, कोमलची आई. कुंदनची सख्खी आत्या. म्हणजे पोरानं आपल्याच आत्याला हडळ करून बाजारात उभी केली होती. हे ध्यानात आलं तसा सोनाबाईच्या कानशिलातून जाळ निघाला. तिनं सुकटीचं सूप उचललं ते इतक्या जोरात खाली ठेवलं की अर्धी सुकट अंगणात उडाली आणि कोंबड्यांची चैन झाली.

मैनेची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक. कोमल पाळण्यात होती. गावात हळद होती, आणि आमच्या गावची हळद म्हणजे बेंजोशिवाय नाही. अख्खा गाव मांडवात नाचत होता. बाळंतीण म्हणून मैना आणि शेजारची एक म्हातारी तेवढ्या घरी. खाडीला उधाण आलं, उघाडीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी, बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतातून वाडीकडं सरकायला लागलं. मैनेनं ते पाहिलं. पोर शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर टाकली आणि ती बांधावर धावली. एकेका घराचं नाव घेऊन हाका मारत राहिली. बेंजोच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? शेवटी एका म्हाताऱ्यानं ओ दिली, गाव धावला, गुरं सुटली, पोरं वाचली. खांड रुंदावली तिच्यात मैना गेली.

तेव्हापासून उधाणाला बांधावरून हाक येते म्हणतात. येते की नाही ते देवाला माहीत. पण गाव उठतो, उघाडी बघून येतो. सोनाबाईनं ह्याचीच गोष्ट बांधली होती आणि पोराटोरांना मांडीवर घेऊन सांगितली होती. गोष्टीत तिचं नाव येत नसे, 'बांधावरची बाय' एवढंच. आणि दुनियेतल्या सगळ्या भुतांच्या गोष्टींत सांगतात की हाकेला ओ देऊ नका, इथं उलटं. बायची हाक आली की ओ द्यायची. "आलो गो बाय" म्हणायचं. ऐकणाऱ्या पोरांनी ते मोठ्यानं म्हटल्याशिवाय सोनाबाई गोष्ट मिटवतच नसे.

त्या मांडीवर सगळ्यांत जास्त कोण बसला असेल तर हाच कुंदन.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपल्यावर सोनाबाई सुकापूरला त्याच्या ब्लॉकवर गेली. लिफ्टमध्ये बसली नाही. तीन जिने चढताना राग उतरतो म्हणतात, तिचा आणखी चढला.

"अरे वा, आत्या! ये ये. आधी सांगायचंस ना, स्टँडवर घ्यायला आलो असतो." कुंदन खरंच हरखला होता. पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईटाला शिव्या देणं सोपं जातं.

सोनाबाई बसली नाही. लुगडं घोट्यापासून वर धरून उभी राहिली. "बघ."

"काय बघू?"

"माझे पाय बघ. सरळ हायत का उलटे? तिची सख्खी बहीन हाय मी. एकाच आयच्या पोटची. बघून घे, तुझ्या खेळाला उपेगी पडंल."

कुंदनचा चेहरा उतरला. "व्हिडिओ बघितलास होय? आत्या, तो शो आहे गं. लोकांना भीती हवी असते. आजकाल गोष्टी ऐकतंय कोण? मी निदान ऐकवतो तरी. तुझीच गोष्ट शेकडो लोकांपर्यंत नेली मी."

"माझी? माझ्या गोष्टीत हडळ कवा होती रे?"

"थोडं वाढवावं लागतं. कीर्तनात बुवा नाही का वाढवत?"

हे मात्र बोलायला नको होतं. गावातल्या सप्ताहात पहिल्या दिवसापासून काल्यापर्यंत सोनाबाई पुढच्या सतरंजीवरून हलत नसे. कीर्तन म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी, आणि कीर्तनाची साक्ष काढून कुणी खोटं बोललं की डोळ्यांत अंगार.

"बुवा वाढवतो, नासवत नाय. हसवतो, रडवतो, वाट सोडून लांब जातो आनि परत इठ्ठलाच्या पायाशी आनून सोडतो. आनि नाव घेन्याआधी वाकतो रे! तू मेल्या मानसाचं नाव घेतलंस, वाकलास? त्या नावाची एक पोर जिवंत हाय, बसनं जाते येते, तिला इचारलंस?"

कुंदन खाली बघत म्हणाला, "नाव काढतो. रविवारी शो आहे, त्यात नाव नसेल. शपथ. तू ये, कोमलला घेऊन ये. हुंकारसुद्धा ठेवलाय मी, तू शिकवलेला. सगळे लोक मिळून 'हूं' म्हणतात. तुला आवडेल बघ."

"हुंकार शिकलास," सोनाबाई दारातून म्हणाली, "आनि 'नाय' इसरलास."

त्याचं असं आहे. आमच्याकडं गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. सांगणारा एक आणि हुंकार देणारा एक. बुवाच्या पाठीशी टाळकरी असतात तसा. त्यानं 'हूं' म्हणत राहायचं, आणि सांगणारा वाट चुकला तर 'नाय' म्हणायचं. 'नाय' पडला की सांगणारा पाटील असो की पुजारी, जिथं चुकला तिथं मागं जाऊन पुन्हा सांगायचं. नुसताच हुंकार म्हणजे बिनलगामाचा बैल.

रविवारी संध्याकाळी दोघी नवीन पनवेलच्या त्या हॉलात गेल्या. कोमल यायला तयार नव्हती. "मला नाही ऐकायचं," म्हणत होती. "तुला नाय ऐकायचं, मला ऐकायचंय त्यानं शपथ पाळली का," म्हणून सोनाबाईनं तिला ओढतच आणली होती.

हॉल भरला होता. तरुण पोरं, पोरी, काही जोडपी मुलांना घेऊन आलेली. निळा उजेड पडला आणि कुंदन आला. त्यानं चकव्याची गोष्ट सांगितली, मुंजाची सांगितली. पोराच्या गळ्यात गोडवा होता, खोटं कशाला बोला. लोक "हूं" म्हणत होते. सोनाबाईच्याही तोंडून एकदा नकळत "हूं" निघून गेला आणि तिनं ओठ चावला.

मग कुंदननं आवाज खाली आणला. "आता खाडीवरची. हिचं नाव मी घेणार नाही."

सोनाबाईनं श्वास सोडला. पण मागून दोन-चार पोरं ओरडली, "मैना! मैना!" व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. शिट्ट्या झाल्या. कुंदन हसला, हात वर केले, जणू नाइलाज झाला, आणि म्हणाला, "बरं बाबा, मैना! ओली बाळंतीण मैना. ती तुमच्या नावानं हाक मारते. पण लक्षात ठेवा, काहीही झालं तरी ओ देऊ नका—"

"नाय!"

सोनाबाई उभी होती. शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक घालणारा गळा तो, त्याला माईक कशाला लागतोय.

लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. टाळ्या पडल्या. कुंदन चाचरला, "ती... ती उलट्या पायांनी चालत—"

"नाय!" सोनाबाई म्हणाली, आणि ह्या वेळी अर्ध्या हॉलानं तिच्या सुरात सूर मिसळला, "नाय!" मग त्यांना गंमतच वाटायला लागली. कुंदननं तोंड उघडलं की "नाय!" कुणी पाय आपटत, कुणी फोन उंच धरून. देवळातली घंटा माकडांच्या हाती लागावी तसं सोनाबाईच्या शब्दाचं झालं होतं.

तेवढ्यात कोमल उठली. तिला ओरडता येत नव्हतं, म्हणून ती नुसतीच चालत मंचापर्यंत गेली आणि माईकपाशी तोंड नेऊन म्हणाली, "मैना माझी आई होती."

हसणं पुढच्या रांगेपासून मागं मागं विझत गेलं.

"कुंदनदादा, नाय पडलाय. मागं जा."

कुंदन माईक धरून उभा राहिला. शहरात राहिला म्हणून काय झालं, 'नाय' म्हणजे काय ते त्याच्या हाडांत होतं. त्यानं निळा दिवा बंद करायला सांगितलं. साध्या पिवळ्या उजेडात तो बारका दिसायला लागला. "गावात हळद होती," त्यानं सुरुवात केली, "आणि उधाणाची वेळ होती..." आवाज बसलेला, मधेच अडखळत. काही जण उठून गेले. "अरे हॉरर होतं ना?" असं एक जण जाता जाता म्हणालाही. जे बसले त्यांना कुंदननं शेवटपर्यंत सांगितलं. हडळ आली नाही.

बाहेर रस्त्यावर तो आत्याच्या पाया पडायला वाकला. सोनाबाईनं पाय मागं घेतले.

"अजून राग गेला नाही? सगळ्यांसमोर मागं गेलो ना मी, आत्या?"

"इथं गेलास. फोनात जाशील? तिथं ती रोज हडळ होतेय. त्या फोनाला 'नाय' म्हनायला कोन बसलाय?"

"डिलीट करतो, आत्ता."

"तुझा डिलीट होईल, दादा," कोमल म्हणाली. "माझ्याकडं तो कुणाकुणाकडून तीन वेळा आलाय."

सोनाबाईनं पदर कमरेला खोचला.

"उद्या पहिली पाळी सुटते तवा हिच्या कंपनीच्या गेटावर यायचंस. जिथं पोरीला हसले तिथं सांगायची."

"गेटवर? आत्या, तिथं कोण ऐकणार? हसतील मला."

"हसू दे की! तिला हसले तवा तुला गोड वाटलं?"

तो आला. सोमवारी दुपारी, काळा झब्बा नाही, साधा शर्ट, हातात माईक नाही. बस उभी होती, हवेत तळोज्याचा तो नेहमीचा कुजका वास. बायका चढत होत्या. एकीनं ओळखलं, "अय्या, हडळवाला!" आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कुंदनचे कान लाल झाले. त्यानं मागं पाहिलं. मागं सोनाबाई उभी होती, कमरेवर हात, चेहरा अजून तसाच तापलेला.

"सांग," ती म्हणाली.

तो बसच्या पायरीवर चढला. "मी जी सांगितली ती खोटी होती. खरी सांगतो. गावात हळद होती..."

"हूं," सोनाबाई म्हणाली. तो हुंकार नव्हता, चापटी होती. पण त्याच्या जोरावर कुंदन पुढं सरकला. बेंजो आला, उधाण आलं, खांड पडली. ड्रायव्हरनं आधी हॉर्न दिला, मग इंजिन बंद केलं. "पाय सरळ टाक" म्हणणारी मुलगी फोनात बघत राहिली, वर बघेचना. दोघी-तिघी कंटाळल्या. एका पोक्त बाईनं मात्र सोनाबाईच्या पाठोपाठ "हूं" म्हणायला सुरुवात केली होती.

"आणि ती बांधावर उभी राहून हाक मारत होती," कुंदन म्हणाला, आणि थांबला. इथं ऐकणाऱ्यांनी बोलायचं असतं. बसमध्ये कुणालाच ते ठाऊक नव्हतं. सोनाबाईला बोलता आलं असतं, पण तिनं ओठ मिटून घेतले.

चौथ्या खिडकीत बसलेली कोमल उठून उभी राहिली. डबा तिच्या छातीशी धरलेला होता.

"आलो गो बाय," ती म्हणाली.