ऐकू न येणारा नाद

ठाकुर्लीच्या त्या मंगल कार्यालयात सकाळीच पडदे ओढून घेतले होते. गर्दी श्वास रोखून बसली होती. मंचावर अणुनाद महाराजांनी डोळे मिटले, घशातून लांबलचक हुंकार काढला आणि हातातल्या चकचकीत दांड्याचं टोक समोरच्या काचेच्या पेल्याला लावलं. पेल्याचा क्षणात चुरा झाला. शहाडच्या एका आजोबांचा मधुमेह म्हणे त्यात गेला. शेकडो हात जोडले गेले.

"हा नाद तुम्हाला ऐकू येणार नाही," महाराज संथपणे म्हणाले. "फार वरच्या फ्रिक्वेन्सीचा आहे. काचेतले अणू थरथरतात, देहातले अणू थरथरतात, आणि रोग काचेत उतरतो. औषध आदल्या दिवसापासून बंद, आणि काच फुटल्यावर कायमचं. चालू ठेवलंत तर नाद उलटेल. मग मला दोष देऊ नका."

रचनाने लेकीचा हात घट्ट धरला. श्रियाला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या. पण काल सासूबाईंनी महाराजांच्या सांगण्यावरून गोळी देऊ दिली नाही, आणि रचना गप्प बसली. आता श्रियाचा अंगठा मधूनच उडत होता.

"निघायला लागलंय हं अंगातून," मागची बाई कुजबुजली.

"निघत नाहीये, येतंय," शेजारी बसलेल्या सुहासिनीबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्याच सोसायटीतल्या, विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. "रचना, अजूनही घरी चल."

तेवढ्यात श्रियाचं नाव पुकारलं. रचना तिला घेऊन मंचावर गेली. महाराजांनी हुंकार दिला, दांडा टेकवला, पेला फुटला. सेवकाने काचा लाल फडक्यात घालून दिल्या.

श्रिया फडक्यात वाकून बघत राहिली. "आई, हा आपला पेला नाहीये. लाल ठिपका कुठाय?"

हळदीकुंकवाला एकमेकींचे पेले मिसळतात, म्हणून सोसायटीतल्या बायका बुडाला नेलपॉलिशचा ठिपका देत. घरून आणलेला पेला दारातच सेवकांनी शुद्धीसाठी घेतला होता. रचनाने काचा चाळल्या. खडीसाखरेसारखे बारीक खडे, पण लाल कुठेच नाही.

"नादाने रंग जळतो, बाळ," महाराज हसले.

"मग तुमच्या कपाळावरचं गंध बरं राहिलं," सुहासिनीबाई मंचावर चढत म्हणाल्या. कोणीतरी खुदकन हसलं. त्यांनी टेबलावर मांडलेल्या 'शुद्ध' पेल्यांतला एक उचलला, टॉवेलात गुंडाळला, महाराजांनी तिथेच ठेवलेल्या दांड्याचं टोक त्यावर जोरात टोचलं. तोंडातून अक्षर काढलं नाही. टॉवेलात चुरा झाला.

टेबलाखालच्या सेवकांच्या पिशवीतून रचनाने आपला ठिपकेवाला पेला शोधून काढला आणि महाराजांसमोर ठेवला. "हा फोडा. दांडा न लावता."

"संशयाने नाद बुजतो," महाराज म्हणाले.

"बुजायला मुळात होता कुठे?" सुहासिनीबाई गर्दीकडे वळल्या, वर्गात वळाव्यात तशा. "तुमचे पेले दारात काढून घेतात आणि बदलतात. त्यांचे पेले गाडीच्या खिडकीसारख्या कडक काचेचे आहेत. तापलेली काच झटकन गार करतात, त्यामुळे तिच्यात ताण कोंडून राहतो. या दांड्याच्या टणक टोकाने वरचा थर भेदला की तो एकदम सुटतो. आवाजानेही काच फुटू शकते, पण तो त्या पेल्याच्याच सुरात आणि कान फाटतील इतका मोठा लागतो. अणूंचं म्हणाल, तर ते प्रत्येक वस्तूत सतत थरथरत असतात. तुमच्या खुर्चीतसुद्धा. म्हणून खुर्चीने कोणाचा मधुमेह नेलाय?"

आणि श्रिया कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. पुढची रांग मागे सरली.

"बघा," महाराजांचा आवाज चढला. "उलटला नाद."

कोणी हलेना. सुहासिनीबाईंनी काचा पायाने दूर लोटल्या. रचनाने लेकीला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सैल केलं, डोक्याखाली ओढणी सारली. कोणी नाकाशी चप्पल धरायला आलं, त्याला तिने परत पाठवलं. सुहासिनीबाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. हळूहळू झटके थांबले. श्रियाने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

"पूर्ण शुद्धीवर आलीस की देते हं," रचना म्हणाली. मग मान वर करून तिने गर्दीकडे पाहिलं.

"नाद उलटला नाही. काल मी हिला गोळी दिली नाही, म्हणून हे झालं. तुमच्यापैकी ज्यांनी औषध थांबवलंय, त्यांनी आत्ता, इथूनच, डॉक्टरांना फोन लावा. काच हिच्या नावाचीही फुटली होती. आजार जागच्या जागी होता."