खडीवर पाणी मारणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना घासलेटचा डबा आहे. नाक मुरडू नका, तो वास कधीच गेला! नेरळच्या दुकानात रिकामा झालो आणि जनाच्या डोक्यावर बसून दगडाच्या खाणीवर आलो. तिथे जना आणि तिचा नवरा गोमा आगगाडीच्या रुळांखाली घालायची खडी फोडत. हातोडा पडला की पांढरी धूळ उठायची आणि थेट नाकातोंडात जायची.

अंगण झाडण्याआधी पाणी शिंपडायचं, ही जनाची रोजची सवय. खाणीतही तिनं तेच केलं. गोमाकडून माझ्या काठाजवळ खिळ्यानं भोकं पाडून घेतली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण ओढ्याचं पाणी भरून तिनं मला दगडांवर कलतं केलं आणि धूळ जागच्या जागी बसली. मुकादमानंही तिला शहाणी म्हटलं. मी आपला उगाच फुगलो.

पण आधीची धूळ गोमाच्या छातीत बसलेलीच होती. त्याला खोकला लागला. वाडीत औषधपाणी करणारी त्याची कोंडीआत्या म्हणाली, "ओल्या दगडापाशी बसून गारठा भरलाय रं तुला. पाणी बंद कर." आमच्याकडे खोकला म्हणजे गारठाच, दुसरं काही कुणाला सुचत नाही. जनाचा सगळा जीव नवऱ्यात. तिनं त्याच दिवशी मला झाडाला टांगलं.

मग काय, धूळ पुन्हा उठली. खोकला वाढला, की जना त्याला आणखी कोरड्या जागी बसवी आणि ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकी. मला तेव्हा वाचा असती तर मी बोंब ठोकली असती. एकदा गोमाच म्हणाला, "जने, थोडं पाणी मार गं. धुरळ्यानं जीव घुसमटतो."

"नाय. तुमी बरं व्हा, मग मारीन."

तो बरा झाला नाही. चैत्रात गेला. शेवटची अंघोळ घालायला मला झाडावरून काढलं. गारठ्याच्या भीतीनं कितीतरी दिवस त्याला कुणी डोक्यावरून पाणी घातलं नव्हतं. आता घातलं, तशी धूळ वाहून गेली आणि खाली काळेभोर केस दिसले. गोमा अजून तरणाच होता हो! जना ते केस बघत बसली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, कुठे दगड फुटत असेल तर आधी पाणी मारायला सांगा. खोकणाऱ्याला धुळीतून बाहेर काढा. त्याच्यावर माया करणाऱ्यांनाही समजावून सांगा. जनानं ऐकलं असतं. पण खोकला गारठ्याचा नाही, धुळीचा आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही.